तिसऱ्या मजल्यावरचं सत्र

परिषदेच्या पहिल्या सकाळी मी कॉलेजच्या जिन्यावरून इतक्या वेळा वरखाली केलं, की दारातल्या वॉचमननी शेवटी विचारलं, "मॅडम, काय हरवलंय काय?" हरवलं काहीच नव्हतं. एका जागी उभं राहवत नव्हतं, एवढंच.

मी रत्नागिरीबाहेर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवते. कृत्रिम बुद्धिमत्तेवरची परिषद आमच्याकडे पहिल्यांदाच भरत होती. खालच्या सभागृहात मोठ्या शहरांतून आलेल्यांची भाषणं होती आणि वरच्या मजल्यांवर, बाकं भिंतीला सरकवून मोकळ्या केलेल्या वर्गांत, एकाच वेळी वेगवेगळी विशेष सत्रं चालणार होती. विशेष सत्र म्हणजे एकाच बारीक विषयात डोकं घातलेली मोजकी माणसं एका खोलीत बसवायची आणि त्यांना आपसात भांडू द्यायचं. दुसऱ्या मजल्यावर आंब्याच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणारे होते. मोहोराचे दिवस असल्यामुळे तिथे बागायतदारसुद्धा येऊन बसले होते, काही जण तर पिशवीत पानं घेऊन. त्यांच्या शेजारी बोटींचा माग काढणारे. आमचं सत्र तिसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात. वाणी आणि भाषा. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या.

माझा शोधनिबंध त्याच सत्रात होता. विषय सोपा करून सांगायचा तर असा: अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्या तोंडून जे तुटकं निघतं ते संगणकाला ओळखता येईल का. अशा काही माणसांचं बोलणं मी त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केलं होतं, सगळी आपल्याच जिल्ह्यातली. प्रत्येक तुकड्याखाली माणूस काय म्हणाला ते घरच्यांना विचारून लिहिलं होतं. मग तेच तुकडे मॉडेलला, म्हणजे बोलणं ओळखायला शिकवलेल्या संगणकाच्या प्रणालीला, ऐकवायचे आणि त्याचं उत्तर आपल्या लिहिलेल्याशी जुळतं का पाहायचं. जुळलं तर बरोबर, नाही तर चूक.

त्यातला सर्वांत जास्त रेकॉर्ड केलेला आवाज माझ्या वडिलांचा होता. निबंधात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बाबा एसटीत होते. तरुणपणी कंडक्टर, पुढे रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. मी शाळेत असताना त्यांच्या आवाजाची लाज वाटायची, कारण सगळा वर्ग त्यांची नक्कल करायचा. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" एवढं कुणी नाकातून म्हटलं की माझे कान लाल व्हायचे. भाजीबाजारात, दवाखान्यात, कुठेही बाबा दोन वाक्यं बोलले की अनोळखी माणूस वळून बघायचा. तो आवाज झटक्यानंतर गेला. उजवा हात गेला, पाय थोडा परत आला, आणि बोलण्यातले चार-दोन आवाज तेवढे उरले.

त्यातला एक आवाज आईचा होता. म्हणजे आई तो स्वतःचा मानायची. संध्याकाळी ती त्यांना भरवायला बसली, की अर्ध्यावर ते खिडकीकडे बघत म्हणायचे, "पूऽगऽ." आई हसायची, चमचा खाली ठेवायची आणि ताट उचलायची. "पुरे गो म्हणतायत," ती मला सांगायची.

बाबांनी उभ्या आयुष्यात आईला कधी लाडानं 'गो', आमच्याकडचं 'गं', म्हटलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांसारखे ते तिला "ऐकलंस का" म्हणायचे, तेही कमीच. त्यामुळे या एका अक्षराचं आईला केवढं वाटायचं ते मला दिसत होतं. शेजारणींना ती ते सांगायची. सांगताना पदर तोंडाशी धरायची.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर मात्र चिडले होते. वजन उतरत चाललंय, पोटात अन्न जात नाहीये, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, म्हणाले. आई म्हणाली, "अहो, तेच पुरे म्हणतात. मी काय कोंबू त्यांच्या तोंडात?" परिषदेच्या सकाळी मी बाहेर पडतानाही तिनं जिन्यातून ऐकवलं, "काल संध्याकाळी पेजसुद्धा अर्धीच घेतली हो." हे सगळं डोक्यात घेऊन मी सत्राच्या खोलीत आले आणि दर दोन मिनिटांनी फोन उलटा करून बघत बसले.

सत्राचे अध्यक्ष दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातले एक सडपातळ प्राध्यापक होते. वेळेचे पक्के. माझ्याआधीच्या मुलीचं बोलणं त्यांनी टेबलावर पेन आपटून थांबवलं. मग माझी पाळी आली. मी झरझर बोलत गेले. पाणी प्यायला थांबले तर पुढचं विसरेन अशी भीती वाटत होती.

चुकांच्या भागाशी आल्यावर मी एक उदाहरण ऐकवलं. बाबांचंच. "पूऽगऽ." खोलीतल्या स्पीकरमधून आवाज घरातल्यापेक्षा मोठा आला आणि मी उगाच खाली बघितलं.

"इथे रुग्ण म्हणतोय 'पुरे गो'," मी सांगितलं. "जेवताना, पत्नीला. मॉडेल मात्र दर वेळी 'पूर्णगड' लिहितं. पूर्णगड हे इथून जवळच किनाऱ्यावरचं गाव आहे. याचं कारण सरळ आहे. मॉडेलला रत्नागिरीची बोली शिकवताना मी ज्यांचे आवाज घेतले, त्या प्रत्येकानं सुरुवातीला आपल्या गावाचं नाव सांगितलंय. त्यामुळे त्याला जिथे तिथे गावंच ऐकू येतात."

एकदोघं हसली. मलाही बरं वाटलं. इतक्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. वयानं माझ्याएवढ्याच असतील. कोल्हापूरकडच्या एका रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतात अशी त्यांनी सकाळी ओळख करून दिली होती. संगणकाच्या परिषदेत त्या एकट्याच तशा होत्या.

"परत एकदा लावता काय ते?" त्या म्हणाल्या.

मी लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आणखी एकदा."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी तिसऱ्यांदा लावलं.

"मला त्यात 'गो' ऐकूच येत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं 'गो' म्हणत नाहीत, म्हणून असेल. मी नुसता सूर ऐकतोय." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसंच त्या 'ऐकतोय' म्हणाल्या. "बायकोला 'पुरे' म्हणताना माणसाचा सूर शेवटी खाली उतरतो. हे शेवटी वर चाललंय, लांब. लांबच्या कुणाला तरी ऐकू जावं तसं. हे गृहस्थ आधी काय काम करत होते?"

मी स्पीकर बंद केला. मग मी म्हटलं, "एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे."

खोलीत कुणीच हसलं नाही. त्या बाईंनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मग तुमचं मशीन बरोबर असू शकतं. झटक्यानंतर नवं बोलता येत नसलं तरी जन्मभर घोकलेलं कधी कधी आपोआप बाहेर पडतं. आकडे, आरत्या, शिव्या. हे कधी म्हणतात ते? संध्याकाळी? संध्याकाळी पूर्णगडला गाडी होती काय?"

होती. पावस गावावरून जाणारी, पावसमार्गे पूर्णगड. दिवसातली शेवटची. ती सोडली की बाबा काचेच्या खोलीला कुलूप लावून घरी यायचे. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी त्या खोलीत उभं राहून दहा माणसांना सांगितलं होतं की मॉडेलला जिथे तिथे गावं ऐकू येतात.

अध्यक्षांनी पेन आपटलं. "उत्तम चर्चा," ते म्हणाले. "पुढचा निबंध."

त्यानंतरचा दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. मी आयोजकांपैकी होते, त्यामुळे निघताही येत नव्हतं. जेवणाच्या मांडवात कुणीतरी मला सोलकढीचा पेला दिला, तो मी तसाच हातात धरून फिरत राहिले. खालच्या सभागृहात कुणी तरी बुद्धीच्या भविष्याबद्दल बोलत होतं. मी मागच्या दारातून आत गेले, उभ्या उभ्या दोन वाक्यं ऐकली, बाहेर आले. आंब्याच्या सत्रात शिरले. तिथे एक बागायतदार पडद्यावरच्या पानाकडे बोट दाखवून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. तिथूनही निघाले. डोळ्यांपुढे सारखं आईचं ताट उचलणं येत होतं. रोज संध्याकाळी. अर्धं भरलेलं.

आणि त्याच्याही मागे दुसरं काहीतरी टोचत होतं. बाबांना जेवण कमी पडत असेल तर आईला सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तिचं ते 'गो' तिच्याकडून काढून घ्यायचं.

चहाच्या वेळेला मी त्या थेरपिस्टबाईंना शोधून काढलं आणि एका दमात सांगून टाकलं की ते माझे वडील आहेत. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "तुमचा आवाज आणि त्यांचा सूर एकच आहे," म्हणाल्या. "मी येतो की तुमच्या घरी. संध्याकाळी मोकळाच आहे मी. ते जेवायला बसतात तेव्हाच जाऊ या."

आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत त्यांनी बाबा ती गाडी कशी पुकारायचे ते माझ्याकडून म्हणवून घेतलं. मारुती मंदिराजवळ गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी इतक्यांदा मान बाहेर काढली, की रिक्षावाला म्हणाला, "ताई, मी उडवू शकत नाय." बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

आईनं पाहुण्या आल्या म्हणून चहा टाकला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, उजव्या कोपराखाली उशी. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली. झटक्यानंतर त्यांचं हो आणि नाही दोन्ही सारखंच झालेलं होतं, त्यामुळे नुसतं विचारून काही कळण्यासारखं नव्हतं. रिक्षात बाईंनी मला तेच सांगितलं होतं. "विचारायचं नाही. बघायचं."

आईनं मऊ भात आणि कुळथाची पिठी कालवून आणली आणि रोजच्यासारखी स्टुलावर बसली. एक चमचा, मग दुसरा. आई गावातल्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. बाबा खात होते. बाहेर उजेड उतरला, समोरच्या इमारतीतले दिवे लागले. बाबांची मान खिडकीकडे वळली.

"पूऽगऽ."

आईनं चमचा खाली ठेवला. "बघा," ती बाईंना म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला होता. "पुरे गो म्हणतात."

"ताट ठेवा तसंच, मावशी," बाई म्हणाल्या. त्या उठून बाबांच्या समोर, त्यांना दिसेल अशा बसल्या आणि स्टँडवर पुकारतात त्या सुरात, हळू, म्हणाल्या, "पावसमार्गे..."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, संपलं, आमची चूक झाली. बाईंनी घाई केली नाही. पुन्हा तोच सूर. "पावसमार्गे..."

"पूऽगऽ," बाबा म्हणाले. आणि मग, कुणी न सुचवता, तसंच लांबवून, "गाऽऽई."

गाडी. झटक्यानंतर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"फलाट क्रमांक..." बाई म्हणाल्या.

"दोऽ."

बाबांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उचलला गेला आणि तोंडाशी आला, मूठ अर्धी मिटलेली. माईक धरल्यासारखी. मी भिंतीला टेकले. कॉलेजात सबंध दिवस मी ज्याच्या विचारानं भटकत होते ते समोर घडत होतं, आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

बाईंनी आईला खूण केली. आईनं चमचा भरला आणि पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं. आणखी एक. त्यांनी सगळं ताट संपवलं. आईनं आत जाऊन भात आणला, तोही थोडा खाल्ला. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली, आणि ते पुरे आहे हे कुणालाही कळलं असतं.

आई रिकामं ताट मांडीवर घेऊन बसली.

"म्हणजे मी रोज उपाशी उठवत होते त्यांना," ती म्हणाली.

"तसं नाही सांगता येत, मावशी. कधी भूक असेल, कधी नसेल."

"नि मला म्हणत नव्हते ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आई, मलासुद्धा तसंच ऐकू यायचं." त्याचा काही उपयोग नव्हता. आई उठली, ताट घेऊन मोरीत गेली, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो कितीतरी वेळ बंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्राच्या शेवटी मोकळी चर्चा होती. मी अध्यक्षांना विचारून उभी राहिले आणि सांगितलं की काल ऐकवलेल्या उदाहरणात माझं लिहिलेलं चुकीचं होतं, मॉडेलचं बरोबर होतं. घरी काय झालं तेही थोडक्यात सांगितलं. वडील आहेत हे सांगितलं नाही. 'रुग्ण' म्हटलं.

खोलीत एकदम जान आली. कुणी तरी टाळी वाजवली. "म्हणजे तुमच्या मॉडेलची कामगिरी तुम्ही दाखवलीत त्यापेक्षा चांगली आहे!" एक तरुण संशोधक म्हणाला. "ते सगळे तुकडे चुकांत धरलेत ना तुम्ही? आता ते बरोबरमध्ये जातील." शेजारच्यानं लगेच विचारलं की मॉडेलचा गावांची नावं ऐकण्याचा तो कल मुद्दाम वाढवता येईल का. अध्यक्षसुद्धा पहिल्यांदाच हसले. "अभिनंदन," म्हणाले. "सुधारलेला निबंध पाठवा."

मी मान डोलावली. त्यांचं काही चुकत नव्हतं, मीही त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. पण माझ्या कानात नळाचा आवाज होता.

खाली उतरताना अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं. पेन खिशात होतं, आवाजही निराळा होता. "एक विचारू का? बाकीच्या रुग्णांचं काय? त्यांच्याही घरच्यांनीच अर्थ सांगितलेत ना?"

"हो."

"मग पुन्हा ऐकवून या त्यांना," ते म्हणाले. "मॉडेल काय म्हणतं तेही सांगा. तेवढं झालं की काम पक्कं होईल." आणि ते गाडी पकडायला निघून गेले.

परिषद संपली, मांडव उतरला, बाकं पुन्हा ओळीत लागली. घरात मात्र काही जागेवर आलं नव्हतं. आई बाबांना भरवायला बसेना. "तू भरव," म्हणायची, आणि स्वयंपाकघरात काही ना काही काढून बसायची. मी भरवायचे. बाबा खिडकीकडे बघून त्यांची गाडी पुकारायचे, मी चमचा पुढे करायचे, ते खायचे. वजन हळूहळू सावरत होतं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं सोडलं. कागदावर सगळं छान चाललं होतं, आणि मला घरात बसवत नव्हतं. कॉलेजातून आले की मी उगाच मांडवीला जाऊन समुद्रासमोर फेऱ्या मारायचे आणि परत यायचे. आईशी बोलायला जायचे आणि दुसरंच काही बोलून यायचे.

एकदा धीर करून म्हटलं, "आई, मी सांगायलाच नको होतं का?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अगो, त्यांना जेवायला नको? काहीतरीच विचारतेस." मग थोड्या वेळानं, "तुला काय, नवं काहीतरी सापडलं. माझं होतं ते गेलं."

मी चपला घातल्या आणि मांडवीला गेले.

त्यानंतर काही संध्याकाळी गेल्या असतील. मला कॉलेजातून यायला उशीर झाला होता. दार उघडंच होतं. आत आले तर आई स्टुलावर बसली होती, ताट मांडीवर. मी चपला काढता काढता तिथेच थांबले. बाबांनी गाडी पुकारली. आईनं चमचा हातातच धरून खिडकीबाहेर पाहिलं, अगदी कुणी विचारल्यावर बघतात तसं, आणि म्हणाली, "गेली हो पूर्णगड. लायटी लागल्या बघा तिच्या. आता तुम्ही जेवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, असं मला वाटलं. मग तोंड उघडलं.

पुढे तेच सुरू झालं. कधी ती म्हणायची, "आज गर्दी आहे का गाडीला?" कधी, "ड्रायव्हर कोण आज?" उत्तर येत नसे. ती रागवत नसे. माझ्याशी ती पहिल्यासारखी बोलायला लागली, पण ते 'पुरे गो' पुन्हा तिच्या तोंडी आलं नाही आणि शेजारणींना तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही.

अध्यक्षांनी सांगितलेलं काम मी पुढे ढकलत होते. शेवटी सुटीचे दिवस पाहून निघाले. खेडजवळच्या एका घरात काही फरक पडला नाही. म्हातारबाबा 'पाणी'च म्हणत होते आणि मॉडेललाही पाणीच ऐकू येत होतं. त्यांच्या सुनेनं मला हसून फणसाची साठं बांधून दिली. मग मी खाडीकाठच्या एका गावी गेले. तिथले काका जन्मभर जहाजावर होते, परत आल्यावर दोनेक वर्षांतच त्यांना झटका आला. त्यांची बायको, मी तिला चाची म्हणते, ओसरीवर सुकवलेली मासळी जमा करत होती. काका दाराजवळ बाजेवर बसले होते.

त्यांचा एकच शब्द माझ्याकडे होता. चाचीनं मला सांगितलं होतं की ते 'आलो' म्हणतात, आणि मी तेच लिहिलं होतं. मॉडेल मात्र 'हॅलो' लिहीत होतं. परिषदेच्या वेळी मी तो तुकडा चुकांत टाकला होता. आता येताना वाटेत माझ्या मनानं सगळी जुळवाजुळव करून ठेवलेली होती: जहाजावरचा माणूस, बंदरा-बंदरांतून घरी केलेले फोन, जन्मभर म्हटलेलं हॅलो. अगदी बाबांसारखंच. बसमध्ये मी ते इतक्यांदा घोळवलं, की गाव आलं तरी मला कळलं नाही.

चाचीनं चहा आणला. मी फोन पर्समधून काढला आणि कसं सांगावं म्हणून घुटमळले. मग सांगितलं, जमेल तेवढं हळू. मशीनला वाटतं काका हॅलो म्हणतात. ऐकून बघूया का एकदा, दोघी मिळून?

चाचीनं माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही.

"बाय, ते कधी म्हणतात ते मशीनला माहीत हाय?"

"नाही. त्याला फक्त आवाज दिलाय."

"मी बाजारातून येते, दारात पाय ठेवते, तेव्हा म्हणतात. पोरं येतात तेव्हा नाही. तू आलीस तेव्हा म्हणाले काय?"

"नाही."

"मग. दारात उभ्या माणसाला कोण हॅलो बोलतं?" ती म्हणाली. "आल्याच्या वेळी बोलतात. मी येते, नि आलो ते बोलतात. उलटं बोलतात, पण तेच बोलतात."

मी आवाज घेतला होता तेव्हा माझ्या सोयीनं घेतला होता, त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावून, दाराचा आणि कुणाच्या येण्याचा त्यात कुठे संबंधच नव्हता. मॉडेल चुकत होतं की चाची, की दोघंही, हे ठरवायला माझ्यापाशी काही नव्हतं. कोल्हापूरच्या बाई इथे असत्या तर त्यांनी काय ऐकलं असतं, असं मनात आलं. त्यांना फोन करावा असंही वाटलं. केला नाही.

"ऐकवू नको मला," चाची म्हणाली. "मी रोज ऐकते."

मी फोन परत पर्समध्ये ठेवला. ती मासळी गोळा करायला पुन्हा वाकली, मी तिला मदत करायला लागले. खाडीवरून वारा सुटला होता आणि परतीच्या गाडीला अजून वेळ होता. थोड्या वेळानं ती मागच्या विहिरीवर गेली. मी काकांपाशी एकटीच राहिले. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. घरामागून चाचीच्या पावलांचा आणि कळशीचा आवाज आला, आणि काकांची मान दाराकडे वळली.